श्रुतिका आणि चरित्रपाठ

दरवर्षी ३ जानेवारीस सावित्रीबाई फुले यांची जयंती शाळाशाळांतून साजरी होते. चार मुले पाठ केलेली भाषणे म्हणून दाखवितात. त्यांत नायगावचा जन्म, १८४० सालचा विवाह, १८४८ साली पुण्याच्या भिडेवाड्यात निघालेली मुलींची शाळा, सारे क्रमाने येते. सावित्रीबाई तेवढ्या येत नाहीत. भाषणांच्या जोडीस पंधरा मिनिटांची एक श्रुतिका बसवून पाहावी. तिला रंगमंच लागत नाही, पोशाख लागत नाहीत. दोन मुलांनी आडवी धरलेली चादर पुरते. चादरीमागून आवाज यावेत आणि वर्गाने डोळे मिटून ऐकावे.

श्रुतिकेत सबंध आयुष्य कोंबू नये. एकच दिवस घ्यावा. सतरा वर्षांच्या सावित्रीबाई शाळेस निघत तेव्हा वाटेत त्यांच्या अंगावर चिखल व शेण फेकले जाई, म्हणून त्या दुसरे लुगडे जवळ ठेवीत, ही हकीकत आठवणींतून चालत आली आहे. रंगमंचावर ते लुगडे दिसते. केवळ ऐकणाऱ्यास ते कसे कळावे? निवेदकाने 'आता बाईंनी लुगडे बदलले' असे सांगितल्यास अर्थ कळेल, पण प्रसंग मरेल. त्यापेक्षा संवाद असा योजावा :

मुलगी : बाई, तुमच्या पदराला हे काय लागलं?
सावित्रीबाई : चिखल आहे. ते दुसरं लुगडं दे पाहू.
मुलगी : कालही होता.
सावित्रीबाई : (थांबून) पाटी काढ. काल कुठवर आलो होतो?

यातील चिखल, लुगडे आणि रोजचा छळ ही तिन्ही कानांनाच दिसतात. मात्र 'थांबून' हा शब्द मुले हमखास गिळतात. तेथे मनात तीन अंक मोजावयास सांगावे. ध्वनींचा सोसही नसावा. ओले फडके पाटावर एकदा आपटले की चिखल पडला. दहा वेळा आपटल्यास वर्ग हसू लागतो.

चेष्टा करणाऱ्यांचे आवाज कोणी काढावेत, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. गावात तसे नाही. पात्राचे नाव मुलास चिकटते आणि शाळा सुटल्यावर रस्त्यावर त्याच नावाने हाका सुरू होतात. एखाद्या विशिष्ट घरच्या मुलास मुद्दाम ते काम दिले, तर पाठ शिकविण्याऐवजी वैर शिकविले जाते. ते आवाज शिक्षकाने स्वतः काढावेत, हे उत्तम. वाचनात अडखळणाऱ्या मुलांस या खेळातून वगळू नये. ऐकून पाठ करण्यात ती पुष्कळदा इतरांच्या पुढे असतात.

आता सर्वांत नाजूक बाब. वरील संवाद सावित्रीबाईंचा नव्हे. तो रचलेला आहे. लहान मूल एकदा कानांनी ऐकलेले वाक्य जन्मभर इतिहास म्हणून बाळगते, आणि पुढे तेच वाक्य थोर व्यक्तीच्या नावाने फलकावर लिहिले जाते. यासाठी संहितेच्या वहीत नोंदलेल्या घटना निळ्या शाईने, आठवणींतून आलेल्या गोष्टी तांबड्या शाईने आणि रचलेली वाक्ये पेन्सिलीने लिहावीत. खेळापूर्वी निवेदकाने 'यातील बोलणे आमच्या वर्गाने रचले आहे' असे स्पष्ट सांगावे. त्याने रस जातो, अशी शंका घेतली जाते. ती खरी नाही. कीर्तनकार पूर्वरंग सांगतो म्हणून कोणी आख्यान सोडून उठत नाही.

वरच्या वर्गांसाठी १८९७ सालच्या प्लेगचा प्रसंग घ्यावा. पुत्र डॉक्टर यशवंत यांनी हडपसरनजीक रुग्णांसाठी दवाखाना उघडला होता. सावित्रीबाईंनी मुंढव्याहून एका आजारी मुलास पाठीवर घेऊन तेथे आणले. त्यांनाच प्लेगने गाठले व १० मार्च रोजी त्यांचे निधन झाले. वय सहासष्ट. ते कोणाच्याही तोंडी घालू नये. पावलांचा आवाज वाटेत हळूहळू मंद करीत न्यावा, मध्ये एकदा थांबवावा, श्वास ऐकू द्यावा आणि मग पावले पुन्हा सुरू करावीत. पाठीवरच्या मुलास एकही वाक्य देऊ नये.