रोज एक बैठक जास्त



वस्तीत आरोग्य तपासणीला गेलो की दोन गोष्टी आम्हाला हमखास ऐकू येतात. चाळिशी ओलांडलेली भगिनी म्हणते, "सिस्टर, आता माझ्याच्याने काय होणार?" आणि एखादी आजी आतल्या खोलीत बसवून ठेवलेल्या नातवाकडे बघून म्हणते, "त्याचं नशीबच तसं. मागल्या जन्मीचं काहीतरी." विहारात पंचशील घेणाऱ्या घरात हे ऐकले की जास्त वाईट वाटते. मागच्या जन्मीच्या कर्माचा हा हिशेब बाबासाहेबांनी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात नाकारला आहे. शरीराची कमजोरी म्हणजे पाप नव्हे. तिला कारण असते आणि बऱ्याचदा उपायही असतो.

म्हणून या वेळी क्रिस निकिक या अमेरिकन तरुणाची माहिती देत आहोत. त्याला डाउन सिंड्रोम आहे. माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रे असतात. डाउन सिंड्रोममध्ये बहुधा २१ व्या गुणसूत्राची एक प्रत जास्त असते. त्यामुळे स्नायू ढिले राहतात, चालणे-बोलणे उशिरा येते आणि जवळजवळ निम्म्या मुलांच्या हृदयात जन्मतः दोष असतो. यात आईचा दोष नसतो. ग्रहणाचाही नसतो.

क्रिस पाच महिन्यांचा असताना त्याच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली. तो चौथ्या वर्षी चालू लागला आणि पंधराव्या वर्षी सायकल शिकला. याच मुलाने २१ व्या वर्षी, ७ नोव्हेंबर २०२० रोजी, फ्लोरिडा राज्यात आयर्नमॅन ही लांब पल्ल्याची ट्रायथलॉन स्पर्धा पूर्ण केली. या स्पर्धेत आधी समुद्रात ३.८ किलोमीटर पोहायचे, मग १८० किलोमीटर सायकल चालवायची आणि शेवटी ४२.२ किलोमीटर धावायचे असते. हे सारे १७ तासांत संपवावे लागते. वाटेत त्याला मुंग्या चावल्या, तो सायकलवरून पडला. तरी १६ तास ४६ मिनिटे ९ सेकंदांत तो पोहोचला. डाउन सिंड्रोम असताना ही स्पर्धा पूर्ण करणारा तो जगातला पहिला माणूस ठरला.

हे कसे जमले? त्याने आणि त्याच्या वडिलांनी एक साधा नियम ठरवला होता: रोज एक टक्का सुधारायचे. पहिल्या दिवशी एक जोर, एक बैठक. दुसऱ्या दिवशी दोन. कमजोरी लपवली नाही आणि एका दिवसात तिच्यावर मात करण्याचा हट्टही धरला नाही.

अष्टांगिक मार्गातील सहावे अंग आपण रोज म्हणतो, सम्यक व्यायाम. तिथे व्यायाम म्हणजे केवळ जोर-बैठका नव्हेत, तर योग्य आणि सातत्याचा प्रयत्न. अति प्रयत्नही सम्यक नसतो. सोण नावाचा भिक्खू चालून चालून पाय रक्तबंबाळ करून घेत होता आणि निराश झाला होता. तो पूर्वी वीणा वाजवत असे. तथागतांनी त्याला वीणेचीच आठवण दिली: तार फार ताणली तरी सूर निघत नाही, फार सैल सोडली तरीही नाही. शरीराचेही असेच आहे. आता आपल्या घरासाठी पाच धडे.

१) आधी तपासणी. बैठक सुरू करण्याआधी रक्तदाब, साखर आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. गरोदर नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ पेक्षा कमी असेल तर तो रक्तक्षय आहे. तेव्हा धाप लागते ती आळसाने नव्हे. विदर्भातील आपल्या वस्त्यांमध्ये सिकलसेल आढळतो, म्हणून ती तपासणीही करा. सिकलसेल असेल तर उन्हात, तहानलेले असताना किंवा दम तुटेपर्यंत व्यायाम करू नये. त्याने दुखण्याचा झटका येऊ शकतो.

२) सुरुवात लहान. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवरून हात न लावता एकदा उठा, एकदा बसा. उद्या दोनदा. गुडघा दुखला तर आकडा वाढवू नका, कालचाच ठेवा. चालताना बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, इतका वेग पुरेसा. असे आठवड्यात १५० मिनिटे चालणे हे मोठ्या माणसाचे उद्दिष्ट. ते हळूहळू गाठा.

३) विश्रांती. व्यायामाने थकलेला स्नायू विश्रांतीत भरून येतो. आठवड्यात एक दिवस सुट्टी घ्या. धुणी-भांडी करून आलेल्या भगिनीने त्या दिवशी आणखी दमायची गरज नाही.

४) सोबत. क्रिस समुद्रात पोहत होता तेव्हा त्याचा मार्गदर्शक दोरीने त्याच्याशी जोडलेला होता. आधार घेतल्याने त्याचे यश कमी झाले नाही. शेजारणीला बरोबर घ्या, विहारापर्यंत चाला.

५) पाणी. अर्धा तास चालायला साधे पाणी पुरते. तासन्‌तास घाम गाळणाऱ्याला मीठही लागते. तहान लागेल तसे प्या; एकदम खूप पाणी पिणेही घातक ठरते.

छातीत दाब, हात-जबड्यात कळ, चक्कर किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली तर लगेच थांबा आणि दवाखाना गाठा.

आता त्या आतल्या खोलीतल्या मुलाविषयी. अंगणवाडीत आणि शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक येते. त्या दिवशी मूल घरी ठेवू नका, पुढे करा. हृदय, थायरॉईड, कान आणि डोळे तपासून घ्या. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलाच्या मानेचा सांधा ढिला असू शकतो, म्हणून कोलांट्या-उड्या डॉक्टरांना विचारूनच. जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात फिजिओथेरपी आणि बोलण्याचे प्रशिक्षण मिळते. दिव्यांग प्रमाणपत्राचा अर्जही करून ठेवा.

प्रत्येक मूल आयर्नमॅन होणार नाही, व्हायची गरजही नाही. कुणी स्वतःच्या हाताने जेवेल, कुणी वडिलांचे बोट सोडून चार पावले टाकेल. ती चार पावले भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. उद्या पाच झाली तर पाच लिहा.

आणि येत्या पौर्णिमेला त्याला विहारात घेऊन या. सगळ्यांच्या रांगेत, पुढे बसवा.

नमो बुद्धाय!