बॅकअपमधील फायली दिसत नाहीत तेव्हा

व्यापारी बंधूंनो, दुकानाचा हिशेब लिनक्सवर ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. एका रात्री आमची बॅकअपची डिस्क माउंट झाली नव्हती, म्हणजे तिच्या फोल्डरला जोडलीच गेली नव्हती. नक्कल मात्र त्याच रिकाम्या फोल्डरात, संगणकाच्या स्वतःच्या डिस्कवर उतरली. सकाळी बॅकअपची डिस्क जोडताच ती नक्कल झाकली गेली आणि कालची उधारीची खाती दिसेनात!

अशा वेळी घाईने डिस्क फॉरमॅट करू नये. आधी ती अनमाउंट करावी व तोच फोल्डर उघडावा. आमच्या फायली तिथेच होत्या. त्या दुसरीकडे हलवून मगच डिस्क पुन्हा जोडावी. पुढे दररोज नक्कल घेण्यापूर्वी ‘डीएफ’ ही आज्ञा देऊन डिस्क यादीत आहे का, ते पाहावे. तागे मोजल्याशिवाय आपण पावतीवर सही करतो का?