श्रेय कोणाचे?

दिनांक 23 जून 1917. अमेरिकेतील बॉस्टन शहराच्या फेनवे पार्क मैदानावर बेसबॉलचा सामना सुरू झाला. बेसबॉलमध्ये चेंडू फेकणाऱ्यास ‘पिचर’ म्हणतात. मैदानाच्या चार कोपऱ्यांवर चार तळ असतात. फलंदाज ते क्रमाने गाठून मूळ जागी परतला, की एक धाव होते.

बॉस्टनचा पिचर होता बेब रूथ. हाच पुढे फलंदाज म्हणून जगप्रसिद्ध झाला. त्याच्यासमोर वॉशिंग्टनचा पहिला फलंदाज रे मॉर्गन उभा राहिला. न टोलवलेले चार चेंडू पंचाने अयोग्य ठरविले, की फलंदाजास पहिला तळ आपोआप मिळतो. मॉर्गनला तो मिळाला. रूथला हा निर्णय मानवला नाही. शब्दाने शब्द वाढला, पंचाने त्याला मैदानाबाहेर काढले आणि संतापलेल्या रूथने पंचावर हातही टाकला!

त्याच्या जागी अर्नी शोअर आला. बेसबॉलमध्ये एकदा बदललेला खेळाडू त्या सामन्यात पुन्हा उतरू शकत नाही. रूथचा खेळ तेथेच संपला. परंतु गुणलेखकाच्या वहीतून तो सुटला नव्हता. तळावरचा मॉर्गन रूथच्या खात्यातला होता. त्याने धाव काढली असती, तर चेंडू शोअरच्या हाती असूनही ती रूथच्याच नावे पडली असती. तसे घडले नाही. दुसरा तळ चोरून गाठू पाहणारा मॉर्गन बाद झाला, आणि नंतरच्या 26 फलंदाजांपैकी एकालाही शोअरने पहिल्या तळावर पोहोचू दिले नाही. बॉस्टनने सामना 4–0 असा जिंकला.

आजच्या नियमानुसार, नऊ डावांच्या सामन्यात आरंभीच्या पिचरला विजयाचे श्रेय हवे असेल, तर त्याने निदान पाच डाव पूर्ण करावे लागतात. रूथने तर एकही गडी बाद केला नव्हता. विजय शोअरच्या नावे लागला. पिचरचे डाव मोजतात ते बाद झालेल्या गड्यांवरून. मॉर्गनही शोअरच्या वेळी बाद झाला, म्हणून नऊही डाव शोअरचेच.

खरा पेच निराळाच होता. एकट्या पिचरने प्रतिपक्षाच्या एकाही खेळाडूस तळावर पोहोचू न देता सामना जिंकला, तर त्यास ‘परिपूर्ण सामना’ म्हणतात. शोअरची कामगिरी कित्येक वर्षे त्या मोजक्या यादीत होती. 1991 साली व्याख्या काटेकोर करण्यात आली आणि ती यादीतून निघाली. कारण मॉर्गन तळावर पोहोचला होता, मग त्यात शोअरचा दोष नसेना का! नियम चुकला असे म्हणता येत नाही; तरी हळहळ वाटतेच. शोअर मात्र 1980 सालीच निवर्तला होता. त्या सामन्याची गणना आता दोन पिचरांच्या संयुक्त कामगिरीत होते. तेथे शोअरच्या नावाशेजारी, एकही गडी बाद न करता मैदान सोडणाऱ्या रूथचेही नाव आहे.