पाठलाग नाही, तरी उठवत नाही

प्रश्न : मित्राच्या आग्रहाखातर ‘द फ्रेंड्स ऑफ एडी कॉइल’ हा जुना अमेरिकी चित्रपट पाहिला. निम्मा वेळ माणसं नुसती बोलत बसलेली. धड पाठलाग नाही, की नायक म्हणावा असा कुणी नाही. तरी शेवटपर्यंत उठवलं नाही. यात आहे तरी काय? – एक वाचक, सांगली

उत्तर : त्या बोलण्यातच सगळं आहे. इथे जो तो दुसऱ्याची खबर विकायला बसला आहे, आणि सौदा तुटेपर्यंत आपला जीव टांगणीला लागतो.

दिग्दर्शक पीटर येट्सला पाठलाग जमत नव्हता असं नाही. ‘बुलिट’मधला गाजलेला मोटारींचा पाठलाग त्याचाच. पण १९७३च्या या चित्रपटात त्याने भिस्त ठेवली ती जॉर्ज हिगिन्सच्या कादंबरीवर. हिगिन्स मॅसॅच्युसेट्समध्ये सरकारी वकील होता. गुन्हेगार गावभर फिरून मुद्द्यावर कसे येतात, हे त्याच्या रोजच्या कानावरचं.

सुरुवातीचा प्रसंग आठवा. एडी एका पोरसवदा बंदूकविक्रेत्याला आपला हात दाखवतो. एडीने पूर्वी पुरवलेल्या बंदुकांचा माग लागला, एक जण तुरुंगात गेला. मग एडीचा हात खणात ठेवायला लावून लाथेने खण बंद केला गेला. हे सांगताना एडी झालेल्या रॉबर्ट मिचमचा आवाज जराही चढत नाही. हात मोडणाऱ्यांवर त्याचा रागही नाही. धंद्याचा रिवाजच तो! रक्ताचा थेंब न दिसता आपली बोटं मात्र आखडतात.

हाच एडी पुढे त्या पोराला पोलिसांच्या हवाली करतो. कारण चोरीच्या दारूचा ट्रक चालवल्याबद्दल न्यू हॅम्पशायरमध्ये एडीला शिक्षा व्हायची आहे. पन्नाशी उलटलेली, घरी बायको-मुलं. पण त्या एका पोरावर पोलिसांचं भागत नाही. नाइलाजाने तो बँक लुटणाऱ्या दोस्तांची नावं द्यायला निघतो, तोवर ते पकडलेही गेलेले असतात. खबर शिळी झाली की तिला कवडीचा भाव नाही, आणि ती देणाऱ्यालाही नाही. कुणी कट्टर वैरी नसताना माणूस संपतो, हे पचवणं जड जातं.

पुन्हा पाहाल तेव्हा बार चालवणाऱ्या डिलनवर नजर ठेवा. पोलिसाकडून अवघे वीस डॉलर घेणारा हा माणूस बोलता बोलता काय काय गाळतो, ते टिपत चला. खरा रहस्यपट तिथे आहे.