वर्ग, घर आणि प्रेमकथा : शिक्षकाने कादंबरी लिहावी का?



शिक्षकाने बालगीत लिहिलं तर सगळे कौतुक करतात. स्नेहसंमेलनात ते बसवतातही. पण एखाद्या बाईंनी "मी प्रेमकादंबरी लिहितेय" असं सांगितलं, की स्टाफरूममध्ये आधी हसू येतं आणि मग प्रश्न येतात. शिकवणाऱ्याने असलं लिहावं का? वेळ कुठून मिळतो? घरचे काय म्हणतात? आजच्या लेखात या तीन प्रश्नांची उत्तरं शोधू या.

१) शिक्षकाला हे शोभतं का?

मराठी कादंबरीचा इतिहास पाहिला तर हा प्रश्न पडायलाच नको. ना. सी. फडके हे मराठीतल्या प्रेमकादंबरीचं सर्वांत मोठं नाव. ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते. वि. स. खांडेकर तर आपल्यासारखेच शाळामास्तर. १९२० साली ते शिरोड्याच्या शाळेत आले आणि १९३८ पर्यंत तिथेच राहिले. त्यांची पहिली कादंबरी 'हृदयाची हाक' १९३० साली आली. म्हणजे शिकवायला लागून दहा वर्षं झाल्यावर, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी. 'कांचनमृग', 'दोन ध्रुव', 'उल्का' याही शिरोड्याच्याच काळातल्या. पुढे १९५९ साली 'ययाति' आली आणि १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार खांडेकरांना मिळाला. मराठीतलं ते पहिलं ज्ञानपीठ.

फडके 'कलेसाठी कला' म्हणत, खांडेकर 'जीवनासाठी कला'. वाद गाजला, पण प्रेम हा विषय दोघांनीही कमी दर्जाचा मानला नाही.

बाईमाणसाची वाट मात्र इतकी सरळ नव्हती. १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह आला. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या अविवाहित मुलींच्या मनातलं त्यात मोकळेपणाने लिहिलेलं होतं. महाराष्ट्रात खळबळ उडाली. लेखिकेचं नाव होतं विभावरी शिरूरकर. हे टोपणनाव होतं. खऱ्या लेखिका बाळूताई खरे, म्हणजे नंतरच्या मालतीबाई बेडेकर. त्या हिंगण्याच्या संस्थेत शिक्षिका होत्या. म्हणजे पुरुष प्राध्यापक स्वतःच्या नावाने प्रेमकथा छापत होते, त्याच काळात एका शिक्षिकेला नाव झाकून लिहावं लागलं. आज नव्वद वर्षांनी आपण आपल्या सहकारी बाईंना हसत असू, तर पुढे किती आलो हे ज्याचं त्याने ठरवावं.

२) वेळ कुठून आणायचा?

शिक्षण हक्क कायद्यात शिक्षकासाठी आठवड्याला किमान ४५ तास धरलेले आहेत, तयारी धरून. त्यावर ऑनलाइन माहिती भरणं, पोषण आहाराच्या नोंदी, निवडणुकीचं काम. त्यामुळे "रोज दोन तास लिहा" हा सल्ला आपल्या कामाचा नाही.

आपण साधं गणित करू. फुलस्केप वहीच्या एका पानावर साधारण २०० शब्द बसतात. आठवड्यातून पाच दिवस रोज एक पान लिहिलं, तर आठवड्याला १००० शब्द होतात. वर्षात परीक्षा, सण, आजारपण यांचे बारा आठवडे सोडून द्या. उरलेल्या ४० आठवड्यांत ४०,००० शब्द होतात. एवढ्यात एक छोटी कादंबरी उभी राहते. एका पानाला अर्धा-पाऊण तास लागतो. तो पहाटे मिळो, नाहीतर मुलं झोपल्यावर. ठरलेली वेळ असली की झालं. उन्हाळी सुट्टी पहिल्या लेखनाला न ठेवता लिहिलेलं पुन्हा वाचून दुरुस्त करायला ठेवावी, कारण त्याला सलग दिवस लागतात.

३) घरचं काय?

इथे खरी अडचण आहे. खांडेकरांच्या काळात मास्तर लिहायला बसले की चूल आणि मुलं कुणाकडे असत, हे सांगायला नको. शाळेतून आल्यावर स्वयंपाक, मुलांचा अभ्यास, सासू-सासऱ्यांची औषधं आणि उद्याचे डबे ज्या बाईंना बघायचे आहेत, त्यांना ते वेळापत्रक कसं चालेल?

म्हणून लिहिण्याची वेळ घरात मोठ्याने सांगावी लागते. चोरून लिहिलेलं पान पहिल्या पाहुण्यासोबत मागे पडतं. "रात्री साडेनऊ ते सव्वादहा मी लिहिणार, तेव्हा भांडी आणि दप्तरं तुमच्याकडे", एवढं स्पष्ट ठरवावं. पुरुष शिक्षकांनी हेच उलट बाजूनेही विचारात घ्यावं: आपण लिहितो तो पाऊण तास घरात कोण भरून काढतंय?

यात मुलांचं नुकसान होत नाही. वाचा-लिहा असं रोज सांगणारी आई स्वतः खाडाखोड करत लिहिताना दिसली, तर वेगळा उपदेश करावा लागत नाही.

४) कथा कुठून सुचणार?

प्रेमकथेला दोन माणसं लागतात आणि त्यांच्यामध्ये खरी अडचण लागते. आपल्या नोकरीत अडचणींची कमी आहे का? शिक्षणसेवकाची तीन वर्षं तुटपुंज्या मानधनावर काढताना "कायम झाल्यावर बघू" म्हणत थांबलेलं लग्न. नवरा जिल्ह्याच्या एका टोकाला, बायको दुसऱ्या टोकाला, दोघांची भेट शनिवारी संध्याकाळी. बदलीच्या अर्जात पती-पत्नी एकत्रीकरणाचा रकाना भरताना थरथरलेला हात. एकशिक्षकी शाळेत नव्याने रुजू झालेला दुसरा शिक्षक. ही माणसं शहरातल्या लेखकाला सहज दिसणार नाहीत, आपल्याला रोज दिसतात.

फक्त एक पथ्य पाळायचं. सहकाऱ्याने विश्वासाने सांगितलेली गोष्ट, विद्यार्थ्याच्या घरातलं भांडण जसंच्या तसं कादंबरीत येता कामा नये. गाव, वय, परिस्थिती बदला. भावना खरी ठेवा. आणि पुस्तक छापण्याआधी आपल्या सेवेचे वर्तणूक नियम वाचून घ्या, मानधन मिळणार असेल तर वरिष्ठांना लेखी कळवा. शाळेच्या वेळेत लिहायचं नाही, हे तर सांगायलाच नको.

५) वर्गाला काय मिळतं?

जो स्वतः लिहितो, त्याला 'माझी आई' या निबंधात साचेबंद वाक्यं का येतात ते कळतं. मग तो लाल पेनाने गोल करून थांबत नाही. "आई रागावली तेव्हा तिने काय केलं?" असं विचारतो. मूल आठवतं, आणि निबंधात पहिल्यांदा त्याची स्वतःची आई येते.

आता तुमच्यासाठी उपक्रम : आज रात्री एक पान लिहा. दोन माणसं, एक एसटी स्टँड, आणि एकाला सांगायचं आहे पण सांगता येत नाही. कुणाला दाखवू नका. उद्या दुसरं पान लिहा.