हास्यवायू : गंमत की घात?

'हास्यवायू' हे नाव ऐकले की ही काहीतरी मौजेची वस्तू असावी असे वाटते. रसायनशास्त्रात त्याला नायट्रस ऑक्साईड म्हणतात. हा वायू रंगहीन व किंचित गोडसर वासाचा असतो. शस्त्रक्रियेच्या वेळी किंवा दात काढताना वेदना जाणवू नयेत म्हणून डॉक्टर तो ऑक्सिजनबरोबर देतात. मलई फेसाळ करण्यासाठी लहान नळकांड्यांतूनही तो मिळतो. क्षणभराच्या गुंगीसाठी तो हुंगण्याचे वेड मात्र युरोपातील तरुणांत अलीकडे बरेच पसरले. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. वैद्यकशास्त्राचा अधिकार मला नाही. पण या विषयाचे वाचन करताना आपल्या भागातील मुलामुलींनी जाणून घ्यावी अशी एक गोष्ट आढळली, म्हणून हा लेखनप्रपंच.

जोसेफ प्रीस्टली या इंग्रज शास्त्रज्ञाने १७७२ साली हा वायू प्रथम तयार केला. १७९९ साली हम्फ्री डेव्ही या तरुणाने तो स्वतः हुंगून पाहिला आणि शस्त्रक्रियेत त्याचा उपयोग होऊ शकेल असे १८०० सालच्या आपल्या ग्रंथात लिहून ठेवले. पण त्याकडे कोणी लक्ष दिले नाही. पुढील चाळीस वर्षे हा वायू जलशांत लोकांना हसविण्यासाठीच वापरला गेला. अमेरिकेतील हार्टफर्ड गावी १८४४ च्या डिसेंबरात झालेल्या अशाच एका खेळात वायू हुंगलेल्या माणसाच्या पायाला जखम झाली, पण त्याला वेदना जाणवली नाही. प्रेक्षकांत बसलेल्या होरेस वेल्स या दंतवैद्याने ते हेरले व दुसऱ्याच दिवशी वायू हुंगून स्वतःचा दात काढून घेतला. पुढे हाच वेल्स क्लोरोफॉर्मचे प्रयोग स्वतःवर करू लागला, त्याची बुद्धी भ्रमली आणि १८४८ साली तुरुंगात त्याचा शोचनीय अंत झाला.

भुलीच्या औषधांचा इतिहास आपल्यापासूनही दूर नाही. बिदर व गुलबर्गा (आजचे कलबुरगी) हे जिल्हे १९४८ पर्यंत निजामाच्या संस्थानात होते. त्याच संस्थानच्या राजधानीत, हैदराबादेत, १८८८ व १८८९ साली डॉ. एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने दोन क्लोरोफॉर्म कमिशने बसली. शेकडो प्राण्यांवर प्रयोग करून त्यांनी निष्कर्ष काढला की धोका श्वास बंद पडण्यात आहे, हृदयाला भिण्याचे कारण नाही. पुढे १९११ साली लेव्ही या संशोधकाने दाखवून दिले की क्लोरोफॉर्मने हृदयही एकाएकी बंद पडू शकते. तात्पर्य, आपण ज्या दाराशी पहारा ठेवतो, त्याच दाराने संकट येईल असे नाही.

हास्यवायूच्या बाबतीतही असेच घडले. गुदमरण्याचा धोका सर्वांना ठाऊक होता, पण ऑक्सिजनबरोबर दिल्यास वायू निरुपद्रवी, असा समज शंभर वर्षे होता. १९५६ साली डेन्मार्कमध्ये धनुर्वाताच्या रुग्णांना तो अनेक दिवस सतत दिला असता त्यांच्या अस्थिमज्जेत रक्तपेशी तयार होईनाशा झाल्या. १९७८ साली लेझर या अमेरिकन डॉक्टरांनी हातपाय बधिर झालेल्या पंधरा रुग्णांची हकिकत प्रसिद्ध केली. त्यांपैकी चौदा दंतवैद्य होते व बहुतेकांना वायू हुंगण्याची सवय होती.

याचे कारण जीवनसत्त्व ब-१२ मध्ये आहे. या जीवनसत्त्वाच्या गाभ्यात कोबाल्ट धातूचा अणू असतो. हास्यवायू त्या कोबाल्टवर क्रिया करून जीवनसत्त्व निकामी करतो. विजेच्या तारेवर जसे रबरी वेष्टन, तसे मज्जातंतूंवर मायलिनचे वेष्टन असते. ते टिकविण्यासाठी ब-१२ लागते. ते निकामी झाले की मज्जारज्जूच्या मागील व बाजूच्या भागांतील वेष्टन झडू लागते. गंमत अशी की रक्त तपासले तर ब-१२ पुरेसे दिसू शकते. आमच्या वाणिज्याच्या भाषेत सांगायचे तर पासबुकात शिल्लक दिसते, पण खाते गोठविलेले असते! म्हणून डॉक्टर अशा वेळी रक्तातील होमोसिस्टीन वगैरे घटकही तपासतात.

आता आपल्या ताटाकडे पाहू. ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, शेंगांची चटणी, अंबाडीची भाजी (आपल्या कन्नड बांधवांची 'पुंडी पल्ल्या') हा आहार सकस खरा, पण त्यात ब-१२ नाही. ते दूध, दही, अंडी, मासे व मांस यांतूनच मिळते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. तीत ४४१ मध्यमवयीन पुरुषांपैकी ६७ टक्के, तर शहरी मध्यमवर्गात ८१ टक्के लोकांत ब-१२ कमी आढळले. म्हणजे ज्याची शिल्लक आधीच तुटपुंजी, त्याच्यावरच हा वायू दरोडा घालतो. दुसऱ्याला जे पचले असे वाटते, ते आपल्याला पचेलच असे नाही.

लक्षणे हळूहळू सुरू होतात. तळपायांना मुंग्या येतात. कन्नडमध्ये 'जोमु हिडिदिदे' म्हणतात तेच. मग बधिरपणा वर चढतो, हातांनाही होतो. अंधारात किंवा डोळे मिटल्यावर तोल जातो. मान खाली वाकविताच पाठीतून विजेसारखी झणझण उतरते. पुढे चालणेच अवघड होते. वायू तात्काळ सोडून ब-१२ ची इंजेक्शने घेतल्यास पुष्कळ जण सुधारतात, पण उशीर झाल्यास काही दोष जन्मभर राहतो. वायू चालू ठेवून नुसत्या गोळ्या खाणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणे होय.

याचा अर्थ रुग्णालयातील भुलीला भ्यावे असा नाही. जाणकार डॉक्टरांनी थोडा वेळ दिलेला हा वायू बहुतेकांना बाधत नाही. मात्र ब-१२ ची कमतरता असल्यास भूलतज्ज्ञांना ते आधी सांगावे.

आपल्या भागातून पुष्कळ विद्यार्थी शिक्षणासाठी परदेशी जातात. नेदरलँड्समध्ये १ जानेवारी २०२३ पासून हा वायू प्रतिबंधित आहे. ब्रिटनमध्ये ८ नोव्हेंबर २०२३ पासून नशेसाठी तो जवळ बाळगणे गुन्हा आहे. पण कायद्यापेक्षा आपला विवेक मोठा. मेजवानीत कोणी आग्रहाने नळकांडी पुढे केली, तर 'नको' म्हणण्यात भित्रेपणा नाही. आणि एखादा मित्र पायांना मुंग्या येतात म्हणाला, तर त्याची थट्टा न करता, तो काय हुंगतो हे न लपविता, त्याला डॉक्टरांकडे न्यावे. मित्रांनो, हसण्यासाठी माणसाला वायूची गरज नाही. चालण्यासाठी मात्र धड पाय हवेत.