माणक्याला विकू नकोस

अकोला, 9 ऑक्टोबर 2022

चि. गणेश यास आत्याचे अनेक आशीर्वाद.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून शेवटी कागद घेतला. वहिनी सांगत होती, दुपारची भाकरी तशीच परत येते आणि रात्री तू गोठ्यातच पडून असतोस. त्यावर कडी म्हणजे माणक्या बैलाला बघायला दलाल येऊन गेला म्हणे. गुरांचे बाजार बंद, म्हणून हे लोक आता घरोघर फिरतात. खरं का रे हे? त्याचा जोडीदार सोन्या गेला म्हणून माणक्यालाही घालवायचं?

लस उशिरा दिली म्हणून तो गेला, असं तू सगळ्यांना सांगत असतोस. अरे, ती लस मुळात शेळ्यांच्या देवीची. टोचल्यावर अंगात ताकद यायला दोन-तीन आठवडे लागतात. रोग आधीच शिरलेला असेल तर ती काय करणार? ऑगस्टात रावेरकडे लम्पी रोग झालेली जनावरं सापडली आणि बघता बघता जळगाव, बुलढाणा, अकोला सगळीकडे गोठ्यागोठ्यांत गाठी दिसू लागल्या. डास, माश्या, गोचिडं तू एकटा कुठवर अडवणार होतास? अंगभर गाठी आलेल्या बैलाला तू हाताने पाणी पाजलंस, जखमा धुतल्यास. दादानेच सांगितलं मला.

पण सरकारी मदतीच्या अर्जावर सही करणार नाही म्हणतोस, हा शुद्ध वेडेपणा आहे. बैलामागे 25 हजार मिळतात. ती सोन्याची किंमत नव्हे. दादाच्या डोक्यावर सोसायटीचं कर्ज आहे, ते तुला मी सांगायला हवं? पंचनामा झालाय, मुकाट्याने सही कर. आणि जेव.

1972 च्या दुष्काळात तुझ्या आजोबांनी, आप्पांनी, मोरी गाय विकली, हे तू ऐकलं असशील. वैरणच नव्हती. मी माजघराला कडी लावून बसले, तिला निरोपसुद्धा दिला नाही, आणि पुढे कितीतरी दिवस आप्पांशी बोलले नाही. त्यांनी तिला वासरू असल्यापासून वाढवलं होतं, त्यांचं काय झालं असेल, हे मला उमगलं ते आप्पा गेल्यावर. म्हणून सांगते, दादा हल्ली गोठ्यात का फिरकत नाही, त्याला एकदा विचार. सोन्याला पुरताना खड्ड्यात चुना टाकणारा तोच होता ना?

माणक्याही वैरण न खाता तशीच टाकतो, असं कळलं. टाकणारच. सहा वर्षं एका जुवाखाली चालले दोघं. थोडी ढेप भिजवून हाताने चार, खाईल. संध्याकाळी कडुनिंबाचा धूर करत जा. हरभरा यंदा भाड्याच्या ट्रॅक्टरने पेरून घेऊ, पैशाचं मी बघते. जोडीला दुसरा बैल आणायची घाई नाही, कुणी म्हटलं तरी आणू नकोस. पण त्या दलालाला पुन्हा दारात उभा करू नकोस, एवढं माझं ऐक.

फार बोलले का रे? तुझ्या आजोबांसारखाच आहेस तू, जनावराला लागलं की स्वतःचं अंग दुखणारा. मला ते आवडतं, म्हणून तर भीती वाटते.

वसुबारसेला, 21 तारखेला, मी येते. तुझ्यासाठी चकल्या करून आणते. तोवर फोन तरी उचल. रडू आलं तर येऊ दे, मलाही येतंच आहे.

तुझी आत्या